गाठी सोडणारी मुलगी

टक्.

भर दुपारी एवढासाच आवाज झाला. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीत भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. बागेत कामाला आलेल्या बायका जेवून लिंबाखाली आडव्या झाल्या होत्या. कुत्रंसुद्धा उन्हात पसरलं होतं. मी स्वयंपाकघरात संक्रांतीचे तीळ भाजत होते. शेडनेटची क्लिप फरशीवर पडली की कसा आवाज येतो, हे तोवर मला इतकं पाठ झालं होतं की लग्नाच्या वरातीतही मी तो ओळखला असता.

"सोडली! परत सोडली!" असं ओरडत मी उलथन्यासकट धावले.

आमचं घर द्राक्षबागेतच. एका ओळीत तीन खोल्या, शेवटची आमची. मी पोचले तेव्हा कॉटमध्ये ईश्वरी टक्क जागी होती. दोन्ही पाय हवेत, पांघरूण पायथ्याशी गोळा झालेलं. एक क्लिप फरशीवर, दुसरीचा पत्ता नाही. बागेकडच्या मागच्या दाराकडं बघून ती खुदुखुदु हसत होती. मला बघितल्यावर तिचं हसू जरा कमी झालं, पण असल्या बारीकसारीक गोष्टी मनावर घ्यायची माझी पद्धत नव्हती.

"अगं माझी हुश्शार बाय ती!" मी तिला उचललं आणि तिचे गार पाय पोटाशी धरले.

"केतकी," ओसरीतून माईंचा आवाज आला, "हुश्शार बायची आई, तीळ जळाले गं!"

हे सगळं निफाडचं. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडं थंडी म्हणजे पहाटे पंखा जरा कमी करायचा आणि दिवसभर सगळ्यांना सांगत सुटायचं. इथं डिसेंबर आला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, वेलींना ऊब मिळावी म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला वाटलं होतं, आग लागली. जिथं झाडांना शेकावं लागतं, तिथं माझी वर्षाचीही न झालेली पोर पांघरूण उडवून झोपणार, आणि मी ते बघत बसणार?

कॉट माझ्या माहेरची. सागवानी, चारी बाजूंनी कठडे. भाऊ स्वतः टेम्पोत बसून घेऊन आला. "कोंबड्यांचं खुराडं व्हय हे?" असं माई म्हणाल्या आणि नंतर शेजारच्या वस्त्यांवरच्या सगळ्या बायकांना बोलावून ते खुराडं दाखवलं. त्यात माईंनी जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी घातली. ही गोधडी ईश्वरीच्या अंगावर टिकवायची, एवढंच काम माझ्याकडं होतं. बी.एड.ला पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला ते जमायला हवं होतं.

आधी मी गोधडीच्या कडा गादीखाली खोचल्या. आल्यावर बघते तर उघडी. मग गोधडीला नाड्या शिवल्या आणि कठड्याला फुलाची गाठ मारून बांधल्या. परत आले तर नाड्या सुटलेल्या. सेफ्टी पिना काढल्या, तर माईंनी त्या हातातून हिसकावल्या. "पोरीच्या अंथरुणात पिना? डोकं फिरलं का तुझं?" मग मी नवऱ्याला, हर्षलला, कामाला लावलं. वेल तारेला बांधतात तशी सुतळीची पक्की गाठ त्यानं मारून दिली. दुपारी ती गाठ सुटलेली. कापलेली नव्हे, तुटलेली नव्हे, रीतसर सोडलेली. सुतळी कठड्यावर नीट सरळ करून ठेवलेली.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला.

"हर्षल, आपली मुलगी गाठी सोडते."

"कोण? इशू?" तो कंपनीतून नुकताच आला होता, बुटाची लेस ओढत होता. "अगं, तिला अजून वरणभात तोंडात घालता येत नाही. परवा कानात घातला."

"हुशार मुलांचं असंच असतं. जेवणाखाण्याकडं लक्ष नसतं त्यांचं."

"ती गाठ मला सुटत नाही."

"तुला सुटत नाही म्हणजे तिला सुटणार नाही असं थोडंच आहे? ती माझ्यावर गेलीय."

त्यानं दुसऱ्या बुटाची लेस ओढायला घेतली. संसारात कुठं गप्प बसायचं, हे त्याला लवकर कळलं होतं.

मग मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. माहेरच्या ग्रुपवर सुटलेल्या सुतळीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'ओळखा पाहू कोणी सोडली!' भावानं लिहिलं, 'उंदीर.' त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. नाशिकहून पाच वर्षांच्या मुलांसाठी असलेला लाकडी ठोकळ्यांचा खेळ मागवला. ईश्वरीनं तो चाटला. मी म्हटलं, आधी पदार्थाची ओळख करून घेतेय. शेवटी शेडनेटच्या क्लिपा आणल्या. प्लास्टिकच्या, दात असलेल्या, वाऱ्यावादळात जाळी धरून ठेवणाऱ्या. मोठ्या माणसालाही अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय उघडत नाहीत. त्या उघडल्या गेल्या, तेव्हा मी तिला मनातल्या मनात इंजिनिअरिंगला घातलं.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते. हर्षल रोज गाडीवर नाशिकला जायचा, अंबडच्या कंपनीत. तिथं फ्लॅट बघून ठेवला होता. मला तिथल्या एका शाळेत फेब्रुवारीपासून बदली शिक्षिकेची जागा मिळत होती. माईंचं म्हणणं, तुम्ही दोघं जा-ये करा, पोर इथं राहू दे, आम्ही काय मेलो का? त्याला माझ्याकडं एकच उत्तर होतं, आणि ते बिनतोड होतं.

"माई, ती उघडी पडते हो. मी घरात असून पडते. मी नसले तर काय होईल? त्या खोलीत गारठा केवढा असतो!"

यावर माई अडकित्ता ओढायच्या. त्या सुपारी कातरत बसायच्या. आबा, माझे सासरे, जवळच बाजेवर असायचे. ते आधीही काही बोलत नसत आणि नंतरही.

आबांचं सांगायला हवं. ते माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. सासऱ्यानं सुनेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी आलं की आधी खाकरायचं. मी समोर उभी असले तरी ते माईंना म्हणणार, "तिला म्हणावं, चहा टाक." माई मला म्हणणार, "चहा टाक म्हणतात." मी माईंना म्हणणार, "आलं घालू का विचारा." असा आमचा कारभार. मुंडावळ्या सुटल्यापासून त्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं.

नातीच्या बाबतीतही तेच. मांडीवर दिली की भरलेली पाटी धरल्यासारखे अवघडून बसायचे आणि लगेच, "घ्या, घ्या, रडंल," म्हणून परत करायचे. ती रडत नव्हती. मी हर्षलला एकदा म्हणालेसुद्धा, "तुझ्या वडिलांना मुलगा हवा होता वाटतं. त्या बागेतल्या घडांकडं बघतात तेवढंही पोरीकडं बघत नाहीत."

घडांकडं मात्र ते बघायचे. निर्यातीच्या द्राक्षाला या दिवसांत पेपर लावतात. एकेक घड वर्तमानपत्रात गुंडाळायचा, नाहीतर थंडीनं मणी गुलाबी पडतात आणि माल बाद होतो. बायका पेपर लावून पुढं गेल्या की आबा मागून ओळीओळीनं हिंडायचे. मधेच एखादा पेपर खालून हळूच उचलायचे, आत डोकवायचे, बोटानं एखादा मणी दाबून बघायचे, आणि पेपर होता तसा लावून पुढं व्हायचे. माई चिडायच्या. "लावलेलं परत उघडायचं! हात स्वस्थ राहत नाही ह्यांचा."

तर संक्रांतीला माझी नणंद, सुरेखाताई, पिंपळगावहून आली. तिच्या जिभेला धार आहे, आणि ती धार तिला स्वतःलाही आवडते.

"काय गं केतकी, तुझी लेक म्हणं कुलपं उघडती?"

"कुलपं नाही ताई. गाठी. आणि क्लिपा."

"अस्सं! आमच्या हर्षलला दहावीपर्यंत बुटाची लेस बांधता येत नव्हती. मीच बांधायचे."

"म्हणून तर म्हणते, ती माझ्यावर गेलीय."

"दाव मग. आमच्या डोळ्यांनी बघू दे."

"कुणी समोर असलं की ती करत नाही." हे खरं होतं. मी कॉटशेजारी तासन्‌तास बसून बघितलं होतं. मी बसले की ती शहाण्यासारखी गोधडीखाली झोपायची, एक पाय बाहेर काढायची नाही. मी स्वयंपाकघरात गेले की पराक्रम. "कलावंत असतात ना काही, एकांत लागतो त्यांना."

सुरेखाताईनं माईंकडं बघितलं. माईंनी छताकडं.

"मोबाईल ठेव ना मग," ताई म्हणाली. "रेकॉर्ड कर. आम्हीपण बघू, तुझ्या भावालाही पाठव. उंदीर म्हणला ना तो?"

हे मला इतके दिवस का सुचलं नव्हतं कोण जाणे. दुपारी ईश्वरीला दूध पाजून झोपवलं. गोधडी घातली. एका बाजूला दोन क्लिपा, दुसऱ्या बाजूला सुतळीच्या गाठी. शेल्फवर पावडरच्या डब्यामागं फोन उभा केला, कॉट नीट दिसेल असा. लाल ठिपका सुरू झाला. मी पाय न वाजवता बाहेर आले आणि आम्ही सगळ्या ओसरीत तिळाचे लाडू वळायला बसलो. हर्षलला सुट्टी होती, तो लाडू खायला बसला. आबा जेवून बागेत गेले होते.

"किती वेळ लागतो तिला?" ताईनं विचारलं.

"मूडवर आहे."

"बया! मूड!"

टक्.

सगळ्या उठल्या. मी पुढं, लाडवाचे चिकट हात वर धरून, मागं ताई, तिच्या मागं माई गुडघे धरत, सगळ्यांत मागं हर्षल तोंडात लाडू घेऊन. खोलीत शिरलो तर काय, गोधडी बाजूला, क्लिप फरशीवर, सुतळी सुटलेली, आणि माझी गुणाची बाय पाय वर करून मागच्या दाराकडं बघून हसतेय.

"आई गं!" ताईच्या तोंडून खरंच निघालं. "खरंच की गं! ये इकडं, बघू तुझी बोटं."

माई नातीची दृष्ट काढायला लागल्या. हर्षल सुतळी हातात घेऊन वेड्यासारखा बघत राहिला. "अशी गाठ..." एवढंच म्हणाला. माझी छाती एवढी फुगली होती की ब्लाऊजचे हूक सांभाळावे लागले.

"चल, लाव आता," ताई म्हणाली. "पहिल्यापासून लाव."

मी फोन काढला. "थांबा, आधी मी बघते. सुरुवातीला माझाच अवतार आला असेल." खिडकीपाशी जाऊन, आवाज अगदी बारीक करून मी बघायला लागले. मागं त्यांचा गलका चालूच होता.

पडद्यावर बराच वेळ काहीच नव्हतं. गोधडी वरखाली होत होती. मग मागच्या दारातून एक माणूस आला. चपला बाहेर काढून, डोक्यावरची टोपी काढून, देवळात शिरावं तसा. आबा.

ते कॉटजवळ हात मागं बांधून उभे राहिले. ओसरीच्या दाराकडं एकदा बघितलं. मग सुतळीच्या गाठी सोडल्या, अगदी सहज, माणूस शर्टाची बटणं काढतो तशा. एक क्लिप काढून खिशात टाकली. दुसरी कठड्यावर ठेवली. आणि मग घडाचा पेपर उचलतात तशी त्यांनी पायाकडून गोधडी हळूच वर केली.

ईश्वरी जागीच होती. तिनं आपणहून पाय वर केला. आबांनी तो तळहातावर घेतला.

"दाव, दाव," ते म्हणाले. "किती वाढला बघू आज. अगं, केवढा झाला! माझ्या अंगठ्याच्या पुढं गेला की. काल नव्हता गेला." एकेका बोटाला हात लावत होते. "ही करंगळी माझ्या आईची हाय बरं का. तिची अशीच वाकडी होती. तुझ्या आईला न्हाई माहीत. कोण सांगणार तिला?"

मला आठवेना, आबांच्या तोंडून मी एका दमात इतके शब्द कधी ऐकले होते का. ते बोलतच होते. घडांत पाणी उतरलं, मणी चांगला फुगला, यंदा थंडी जरा जास्त आहे.

"नाशिकला जायचं म्हणती तुझी आई. जाशील? जा. तिथं गारठा नसतो म्हणं." मग हसले. "आता पांघरू हां. आई आली का रागावंल."

आणि त्यांनी गोधडी खाली ओढली. खरंच ओढली. एक कडा नीट सारखी केली, पायाखाली खोचली, सुतळी हातात घेतली, तर कोपर लागून कठड्यावरची क्लिप खाली पडली. टक्. तेवढ्यात फोनमध्ये माझा आवाज आला. "सोडली! ताई, सोडली बघा!" आणि पायांची धडधड, हत्ती सुटल्यासारखी. आबांनी सुतळी टाकली. माणूस कधी इतक्या घाईनं वळतो? त्या घाईत त्यांच्या हातात अडकून गोधडी परत निघाली. ते टोपी घेऊन मागच्या दारानं गेले. ईश्वरी त्यांच्याकडं बघून खुदुखुदु हसली. आणि मग पडद्यावर मी आले, लाडवाचे हात वर करून, विजयी.

मी किती दिवस ही अशीच धावत येत होते! मी जितकी जोरात धावायचे, तितकी माझी पोर उघडी राहायची. जरा सावकाश आले असते तर मला ती नीट पांघरलेली मिळाली असती आणि माझी मुलगी साधारण बुद्धीची आहे, हे वेळेवर कळलं असतं.

"दिसलं का गं?" ताई माझ्या खांद्यापाशी आली. "बघू."

त्याच वेळी ओसरीत कुणीतरी खाकरलं. आबा पुढच्या बाजूनं आले होते. "पाणी द्या म्हणावं," ते माईंच्या रिकाम्या पाटाला म्हणाले. दोन दारांच्या सरळ रेषेत ते मला दिसत होते आणि मी त्यांना. माझ्या हातात फोन होता. शेल्फवर पावडरचा डबा पुढं सरकलेला. आबा अडाणी नव्हते. त्यांनी डब्याकडं बघितलं, मग फोनकडं, मग मान खाली घालून बाजेवर बसले. पोरगा, पोरगी, बायको, सगळ्यांसमोर सुनेच्या खोलीत चोरून शिरलेला म्हातारा म्हणून ते आता दिसणार होते. त्यांचे कान लाल झालेले मला तिथूनही दिसले.

ताईचा हात फोनपर्यंत आला होता. माझ्या अंगठ्यानं काय केलं ते मला नंतर कळलं. रेकॉर्डिंग पुसलं गेलं.

"नाही झालं रेकॉर्ड," मी म्हणाले. "मेमरी फुल आहे."

"आँ?"

"ईश्वरीच्याच व्हिडिओंनी भरलाय."

ताई जी हसत सुटली! "बघ आई, मी म्हणलं नव्हतं? हिनंच सोडून ठेवलं असणार सगळं. जाता जाता! आणि वर आम्हाला पळवलं!"

"तरीच," हर्षल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर केवढी सुटका होती. "ती गाठ मला सुटत नाही, म्हटलं."

"अगं, पोर हुशार दाखवायला असली सोंगं करायची?" माई पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून. "साधी असली तरी ठेवून घेऊ की आम्ही!"

मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. दात काढून उभी राहिले. पुढं कित्येक महिने पिंपळगावात हा किस्सा चालला, म्हणे नाट्यासकट. आबांना पाणी मी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या घेतला. वर बघितलं नाही. पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला.

त्यानंतर मी एक शिकले. दुपारी ईश्वरी झोपली की मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायचे. खोलीकडं निघाले की आधी ओसरीत थांबून घसा साफ करायचे, मग मधल्या खोलीत पुन्हा एकदा, मग पाय फरफटवत सावकाश. "तुला खोकला झालाय का गं?" माई विचारायच्या. "हो ना, ही थंडी," मी म्हणायचे. आत गेले की गोधडी जागच्या जागी. चारी कडा अशा खोचलेल्या की माझ्या हातून तशा कधी खोचल्या गेल्या नाहीत. सुतळीची गाठ माझ्या गाठीपेक्षा सुंदर. एकदा क्लिप उलटी लागली होती. दुसऱ्या दिवशी सरळ.

माईंना वाटलं, पोर सुधारली. की मी. त्यांनी श्रेय क्लिपांना दिलं आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती युक्ती दाखवली. दोघीतिघींनी क्लिपा नेल्या. त्यांच्याकडं त्या चालतात म्हणे, अगदी छान.

माझी मात्र पंचाईत झाली. नाशिकला जायला मी जे कारण लावून धरलं होतं, ते आता राहिलं नव्हतं. आणि कारण गेल्यावर माझं मनही मागंपुढं व्हायला लागलं. एका संध्याकाळी जेवताना मी म्हणून बघितलं, "तसा इथं गारठा एवढा काही नाही. मी जाऊन येऊन शाळा करेन. इशू राहील इथंच."

हर्षलचा घास हातात राहिला. "अगं, फ्लॅटची किल्ली आलीय! दोन महिने कोण म्हणत होतं, थंडी, थंडी?"

"तेव्हा ती उघडी पडायची."

"आणि आता?"

"आता नाही पडत."

"शाळा सकाळची. तू पहाटे इथून निघणार. परत येईपर्यंत दुपार. आणि मी रात्रपाळीला. विचार केलायस?"

मी केला नव्हता. शाळा मला हवीच होती. तेही खरं होतं. पण आबांपासून पोरीला तोडतेय, हे त्या घरात फक्त मलाच दिसत होतं. माई आशेनं पुढं सरकल्या. "राहू द्या की मग पोरीला. आता तर पांघरूण बी टिकतंय."

आबा समोर जेवत होते. ते खाकरले. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि पहिल्यांदा, माईंना मध्ये न घालता, माझ्याकडं बघितलं.

"जा पोरी," ते म्हणाले. "नोकरी सोडू नको. पोर आईपाशी बरी. इथं ती उघडी पडती."

"आता कुठं पडती?" माई म्हणाल्या. "क्लिपा लावल्यापासून..."

"पडती. मी बघितलंय."

"तुम्ही कधी बघितलंय? तुम्ही कधी त्या खोलीत..."

"वाढ गं भात," आबा म्हणाले. हे पुन्हा माईंना.

मी भात वाढला. जरा जास्तच पडला. त्यांनी तो सगळा खाल्ला.

आम्ही गेलो तेव्हा बागेत खुडा सुरू झाला होता. पेपर काढून टाकलेले घड पाट्यांत जात होते, ट्रॅक्टर उभा होता. आबा तिथून हलले नाहीत. हलता येणार नव्हतंच, खुडा कुणासाठी थांबत नाही. टेम्पोत कॉट चढली, गोधडी चढली, मी ईश्वरीला घेऊन पुढं बसले. माईंनी पुन्हा पुन्हा मुके घेतले. टेम्पो वळला तेव्हा ओळींच्या मधून एक टोपी दिसल्यासारखी वाटली. त्यांची असेल किंवा कुणा मजुराची.

नाशिकचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यावर, भरपूर ऊन. गारठ्याचं नाव नाही. पहिल्याच दुपारी ईश्वरीला दूध पाजून झोपवलं. क्लिपा लावल्या नाहीत, गाठी मारल्या नाहीत. गोधडी नुसती अंगावर टाकली आणि भांडी लावायला स्वयंपाकघरात गेले. कान तिकडंच. कुठंच आवाज नाही. शेजारी मिक्सर लागला, थांबला. लिफ्टचं दार वाजलं. मी सगळे डबे लावले, परत काढले, परत लावले.

मग जाऊन बघितलं.

गोधडी मी टाकली होती तशीच होती. एक सुरकुती इकडची तिकडं झाली नव्हती. इतके महिने ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते माझ्यापुढं होतं. ईश्वरी त्याच्याखाली जागी होती, हूं की चूं न करता. किती वेळ जागी होती कोण जाणे. ती दाराकडं बघत होती. मी दारात आले, तर माझ्यावरून नजर पलीकडं नेऊन दाराकडंच बघत राहिली. तिथून कुणी आलं नाही, तेव्हा तिनं जोर केला, तोंड लाल करून, एक लाथ, दुसरी लाथ, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी गोधडी उडवली. उजवा पाय उंच धरला. वाकडी करंगळी वर.

"आबा?" तिनं मला विचारलं.